टाचण वहीतले मिलिलिटर : अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीवरील पेशीउपचाराचे एक प्रकरण

रुग्ण ४१ वर्षांचे, डिचोली तालुक्यातील एका खेड्यात राहणारे आणि मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर केमोथेरपीच्या फेऱ्या पूर्ण करून, पहिल्याच उपशमात (कर्करोग तपासणीत दिसेनासा झालेला असताना) त्यांच्यावर मुंबईतील एका केंद्रात रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. दात्री त्यांची धाकटी बहीण होती. सख्ख्या भावंडांमध्ये एचएलए (पेशींवरील ओळखीच्या मुख्य खुणा) पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि या घरात एकच बहीण असून ती जुळली, याचे सगळ्यांना मोठे समाधान होते. गोव्यात त्यांचा पाठपुरावा माझ्याकडे होता. दात्याच्या पेशींनी ग्राहकाच्या शरीरावर केलेला हल्ला म्हणजे जीव्हीएचडी, आणि त्याविषयीचा पुढील मजकूर त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहिला आहे. दिवसांचे सर्व आकडे प्रत्यारोपणाचा दिवस शून्य धरून दिले आहेत.

सुरुवात चांगली झाली. सोळाव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या, तिसाव्या दिवसाच्या मज्जातपासणीत ल्युकेमिया दिसला नाही आणि रक्तातील सर्व पेशी बहिणीच्या असल्याचे काइमेरिझमच्या चाचणीत आढळले. पहिले शंभर दिवस केंद्राच्या जवळपास राहावे असा सल्ला सहसा दिला जातो, पण मुंबईतील भाड्याच्या खोलीचा खर्च, म्हातारी आई आणि तोंडावर आलेली चवथ यांमुळे त्यांनी लवकर घरी जाण्याची विनंती केली, आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्या दिवशी करण्याच्या अटीवर ती मान्य झाली. सत्तावन्नाव्या दिवशी ते घरी पोहोचले. घरच्यांनी काळजी घेण्यात काही कमी ठेवले नाही. गणपतीवर माटोळी बांधली गेली, पण रानातून आलेली फळे, पाने आणि त्यांच्यावरील बुरशी यांपासून दूर राहावे म्हणून मास्तर मागच्या खोलीत राहिले आणि आरती त्यांनी दारातूनच ऐकली.

साठाव्या दिवशी यकृताची विकरे वाढलेली दिसली म्हणून व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध बंद करण्यात आले. निर्णय योग्य होता, पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट व्हायला हवी होती, ती राहिली. व्होरिकोनाझोल यकृतातील ज्या विकराला अडवते, तेच विकर सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे विघटन करते. त्यामुळे व्होरिकोनाझोल चालू असताना सायक्लोस्पोरिनचा डोस कमी ठेवावा लागतो, आणि ते थांबले की तोच डोस अपुरा पडू लागतो. डोस वाढवला गेला नाही. चौसष्टाव्या दिवशी रक्तातील पातळी पाहायची होती, पण सणाच्या सुट्ट्यांत नमुना पाठवणे लांबले आणि तो सदुसष्टाव्या दिवशी गेला. अहवाल आला तेव्हा पातळी ७४ होती, आणि आमचे लक्ष्य २०० होते. दात्याच्या प्रतिकारपेशींना लगाम घालणारे औषध आठवडाभर जवळजवळ निम्म्याहून कमी प्रमाणात होते.

सहासष्टाव्या दिवशी कानांच्या पाळ्यांवर आणि तळहातांवर लाली आली होती. घरात ती उन्हाची आणि घामाची मानली गेली. एकोणसत्तराव्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी केसपेपरवर लिहिले : ‘पातळ शौच, आठ वेळा.’ त्याच संध्याकाळी प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टरांशी बोलताना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘दिवसाला एकूण मिलिलिटर किती?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रत्यारोपणाचा रुग्ण असूनही सामान्य जुलाबासारखी नोंद मी केली होती, आणि त्यामुळे एक पूर्ण दिवस मोजमापाविना गेला.

आजार नेमका काय आहे

ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजेच जीव्हीएचडी, समजायला सोपा जावा म्हणून अनेकदा ‘शरीराने नवी मज्जा नाकारली’ असे सांगितले जाते. ते उलटे आहे. नवी मज्जा रुजलेली असते, आणि तिच्यातून आलेल्या टी-पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) ग्राहकाच्या शरीराला परके समजून त्यावर हल्ला करतात. रुपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये यासाठी तीन अटी मांडल्या होत्या : प्रत्यारोपित ऊतीत कार्यक्षम प्रतिकारपेशी असाव्यात, ग्राहकाच्या ऊतींवर दात्यात नसलेल्या खुणा असाव्यात, आणि ग्राहकाची प्रतिकारशक्ती त्या पेशींना हुसकावून लावण्याच्या स्थितीत नसावी. एचएलए पूर्ण जुळलेली सख्खी बहीण असली तरी दुय्यम खुणा वेगळ्या राहतातच, आणि भावाच्या शरीरातील वाय गुणसूत्रावरून बनणारी प्रथिने तर बहिणीच्या पेशींनी कधी पाहिलेलीच नसतात. पुरुष ग्राहक आणि स्त्री दाता या जोडीत जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो तो यामुळे.

तीव्र जीव्हीएचडी प्रामुख्याने तीन ठिकाणी दिसतो : त्वचा, यकृत आणि आतडे. पूर्वतयारीच्या जहाल औषधांनी आतड्याचे अस्तर आधीच जखमी झालेले असते. त्यातून जंतूंचे अंश रक्तात उतरतात, दाह भडकतो आणि जागृत झालेल्या टी-पेशी आतड्यातील खोलगट ग्रंथींच्या तळाशी असलेल्या मूलपेशींना मारतात. अस्तर भरून काढणाऱ्या पेशीच नाहीशा झाल्या की आतडे उघड्या जखमेसारखे पाझरू लागते. म्हणूनच या जुलाबात मळ फारसा नसतो. हिरवट पाणी, शेम आणि प्रथिने वाहून जातात, आणि जे वाहून जाते ते मोजता येते.

आतड्याच्या आजाराची पायरी त्या मोजमापावरच ठरते. प्रौढांमध्ये दिवसाला ५०० ते ९९९ मिलिलिटर म्हणजे पहिली पायरी, १,००० ते १,५०० म्हणजे दुसरी, त्याहून अधिक म्हणजे तिसरी. तीव्र पोटदुखी, आतडे ठप्प होणे किंवा शौचातून उघड रक्त जाणे ही चौथी. मोजणे शक्य नसेल तेव्हा किती वेळा जावे लागले यावरूनही पायरी लावण्याची सोय आहे, पण ती दुय्यम आहे, आणि या प्रकरणात ती आमची दिशाभूल करणार होती.

मोजमाप

मास्तरांच्या पत्नीने डिचोलीच्या बाजारातून एक लिटरचा खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणला. लघवी वेगळ्या भांड्यात, शौच बेडपॅनमध्ये, तिथून मगात, आणि खूण वाचून नोंद, अशी पद्धत त्यांनी स्वतःच बसवली. नोंदीसाठी घरात पडलेली टाचण वही घेतली. जिथे एरवी ‘घटक’, ‘उद्दिष्ट’, ‘शैक्षणिक साहित्य’ असे रकाने असतात, तिथे त्यांनी वेळ, मिलिलिटर, रंग आणि ‘पोटात दुखले का’ असे चार रकाने आखले. हातमोजे घालून, रात्री अडीच वाजताही, त्यांनी एकही नोंद चुकवली नाही. पहिल्या चोवीस तासांची बेरीज १,३५० मिलिलिटर आली.

त्वचेचा सुमारे ३० टक्के भाग लाल होता, यकृताची स्थिती दाखवणारे बिलिरुबिन १.४ होते. म्हणजे त्वचा दुसऱ्या पायरीवर, आतडे दुसऱ्या पायरीवर, यकृत अजून सुरक्षित, आणि तिन्ही पायऱ्या मिळून ठरणारी एकूण श्रेणी तिसरी. शौचाचे नमुने क्लॉस्ट्रिडियमच्या विषासाठी व इतर जंतूंसाठी पाठवले, रक्ताचे कल्चर घेतले, सीएमव्ही या विषाणूसाठी पीसीआर चाचणी पाठवली आणि अहवालांची वाट न पाहता एकाहत्तराव्या दिवशी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात सुरू केले. वजन ५४ किलो होते, म्हणजे दिवसाला १०८ मिलिग्रॅम. पहिला डोस गोव्यात दिला आणि त्या रात्री रुग्णवाहिकेने त्यांना मुंबईला पाठवले. पाचशेहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास त्यांच्या अशक्तपणात सोपा नव्हता. मात्र पहिला डोस मुंबईला पोहोचेपर्यंत राखून ठेवला असता तर आणखी एक दिवस गेला असता.

त्र्याहत्तराव्या दिवशी सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीतून तपासणी, झाली. बायॉप्सीत ग्रंथींच्या तळाशी मृत होत चाललेल्या पेशी दिसल्या आणि निदान पक्के झाले. सीएमव्हीसाठी केलेले विशेष रंजन नकारात्मक आले. क्लॉस्ट्रिडियम नव्हता.

स्टेरॉइडच्या चौथ्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना बरे वाटू लागले होते, कारण शौचाला जाण्याची संख्या आठवरून सहावर आली होती. मास्तर स्वतः म्हणाले की आता उतार आहे. पण वहीतील बेरीज १,७२० होती. वेळा कमी झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळचे प्रमाण वाढले होते. लोपेरामाइड या जुलाबावरच्या औषधाने आतड्याची हालचाल मंदावली होती, गळती तशीच वाढत होती. बिलिरुबिन २.६ वर गेले होते. पहिल्या पायरीचे यकृत, तिसऱ्या पायरीचे आतडे आणि चौथा दिवस : तीन दिवस पूर्ण डोस देऊनही आजार वाढत असेल तर तो स्टेरॉइडला न जुमानणारा मानावा, या व्याख्येत हे प्रकरण नेमके बसत होते. ढोबळमानाने निम्म्या रुग्णांनाच स्टेरॉइडचा पुरेसा उपयोग होतो, आणि उरलेल्यांची गाठ पूर्वी बहुधा मृत्यूशीच पडत असे. नुसती ‘वेळा’ मोजली असती तर आम्ही त्या दिवशी ‘सुधारणा’ असे लिहिले असते आणि आठवडा होईपर्यंत थांबलो असतो. या प्रकरणात कोणत्या एका गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडला असे मला कोणी विचारले तर मी पंच्याहत्तराव्या दिवसाच्या त्या बेरजेकडे बोट दाखवीन.

रुक्सोलिटिनिब आणि त्याची मर्यादा

त्याच संध्याकाळी रुक्सोलिटिनिब १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाले. टी-पेशींना मिळणारे दाहाचे संदेश पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या जेएके विकरांना हे औषध अडवते. अमेरिकेत मे २०१९ मध्ये बारा वर्षे व त्यावरील अशा रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत अठ्ठाविसाव्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना त्याचा प्रतिसाद मिळाला, तर इतर उपलब्ध उपचारांच्या गटात तो ३९ टक्क्यांना मिळाला. स्टेरॉइडनंतरचे पहिले पाऊल म्हणून त्याची निवड करण्यात वाद नाही, आणि पेशीउपचाराच्या उत्साहात ते टाळणे मी चुकीचे मानतो.

त्वचा आठवड्यात निवळली. आतडे निवळले नाही. ब्याऐंशीव्या दिवशी बेरीज १,४८० होती, सत्त्याऐंशीव्या दिवशी पुन्हा १,६५०. दरम्यान प्लेटलेट १४,००० वर आले आणि सीएमव्हीच्या प्रती रक्तात वाढू लागल्या. गॅन्सायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध मज्जेला दाबते म्हणून त्याऐवजी फॉस्कारनेट निवडावे लागले आणि मूत्रपिंडांवर नजर ठेवावी लागली. प्लेटलेट इतके घसरत असताना रुक्सोलिटिनिब पुढे रेटणे शक्य नव्हते. बाराव्या दिवशी ते थांबवले.

या काळात नातेवाइकांचे सल्ले सुरू होतेच. गावातून शहाळी आली, ती परत पाठवावी लागली, कारण सायक्लोस्पोरिनमुळे रक्तातील पोटॅशियम चढते आणि शहाळ्यात ते भरपूर असते. एका नातेवाइकाने घरच्यांनी पेढीत जपून ठेवलेल्या नाळेतील रक्ताविषयी विचारले, त्याचा येथे काहीही उपयोग नव्हता. एका जाहिरातीचा कागदही आला, ज्यात ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सर्वांवर देत असल्याचे म्हटले होते. मास्तरांच्या पत्नीने फोनवर मला सरळ विचारले, ‘डॉक्टर, मुंबईवाले ज्या पेशी म्हणतात त्या ह्याच का?’ हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर नीट द्यायला मला अर्धा तास लागला. त्यातला मुख्य भाग येथे देतो.

कोणत्या पेशी, आणि त्या काय करतात

मुंबईतील केंद्र ज्या पेशी देणार होते त्या मेसेनकायमल स्ट्रोमल पेशी. निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेतील अगदी थोड्या पेशी प्लास्टिकच्या भांड्याला चिकटतात, वाढतात आणि काही आठवड्यांत कोट्यवधी होतात. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्यांची किमान ओळख ठरवली : प्लास्टिकला चिकटणे, सीडी७३, सीडी९० व सीडी१०५ या खुणा असणे, रक्तपेशींच्या खुणा नसणे, आणि प्रयोगशाळेत हाड, चरबी व कूर्चा बनवता येणे. त्यांना ‘मूलपेशी’ म्हणण्याची सवय पडली आहे, पण जीव्हीएचडीत त्या आतड्याचे नवे अस्तर बनवत नाहीत. त्या वातावरण बदलतात. जागृत टी-पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमाच्या संपर्कात आल्यावर त्या ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवणारे विकर तयार करतात. ट्रिप्टोफॅन नसेल तर टी-पेशींची वाढ खुंटते. सोबत प्रोस्टाग्लँडिन ई-२ सारखे दाह शमवणारे पदार्थही त्या सोडतात.

या पेशी फार काळ जगत नाहीत. शिरेतून दिल्यावर बहुतेक फुप्फुसांतच अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की ज्या रुग्णांच्या रक्तातील मारक पेशी दिलेल्या स्ट्रोमल पेशींना ठार करत होत्या, त्यांनाच उपचाराचा गुण आला. मेलेल्या पेशी भक्षकपेशी गिळतात आणि त्या भक्षकपेशीच मग दाह आवरू लागतात, असे त्यातून पुढे आले. औषधाने काम करण्यासाठी मरावे लागावे, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. एचएलए जुळवण्याची गरज का पडत नाही, याचेही उत्तर काही अंशी यात आहे : त्या टिकून राहाव्यात अशी अपेक्षाच नाही.

या उपचाराची सुरुवात २००४ मध्ये स्वीडनमधून नोंदवली गेली. कॅटरिना ले ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतडे व यकृताच्या चौथ्या श्रेणीच्या जीव्हीएचडीने मरणासन्न झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या पेशी दिल्या आणि तो सावरला. २००८ मध्ये त्यांनी ५५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतील ३० जणांना पूर्ण आणि ९ जणांना अंशतः गुण आला होता. त्यानंतर मात्र वाट सरळ राहिली नाही. २६० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत टिकाऊ पूर्ण प्रतिसाद पेशींच्या गटात ३५ टक्के आणि दिखाऊ औषधाच्या (प्लासिबोच्या) गटात ३० टक्के होता, म्हणजे खात्रीने सांगता येईल असा फरक नव्हता. लहान मुलांमध्ये चित्र अधिक आशादायक होते : तुलनेचा गट नसलेल्या एका चाचणीत अठ्ठाविसाव्या दिवशी सुमारे ७० टक्के मुलांना प्रतिसाद मिळाला. जपानने २०१५ मध्ये अशा पेशींना मान्यता दिली. अमेरिकेच्या नियामकाने २०२० आणि २०२३ मध्ये मान्यता नाकारून डिसेंबर २०२४ मध्ये ती दिली, आणि तीही फक्त दोन महिन्यांहून मोठ्या बालकांसाठी. आमचे रुग्ण ४१ वर्षांचे होते. त्यांच्यासाठीचा पुरावा कमी वजनाचा होता आणि तो तसाच असल्याचे त्यांना सांगण्यात आले.

जाहिरातीच्या कागदाविषयीचे उत्तर यातूनच आले. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे रक्तमूलपेशी प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यता असलेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हावा लागतो, आणि २०१९ च्या नियमांनी मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन नवे औषध ठरते. केंद्राने हे पेशीउपचार नीतिशास्त्र समितीच्या आणि औषध नियामकाच्या परवानगीने, चाचणीच्या चौकटीतच ठेवले होते. शिवाय त्यांनी कागदपत्रांचे काम स्टेरॉइड निष्प्रभ ठरल्याच्या दिवशीच सुरू केले होते. म्हणून सत्त्याऐंशीव्या दिवशी रुक्सोलिटिनिब थांबले आणि एकोणनव्वदाव्या दिवशी पहिली पिशवी आली.

पिशवी

दुसरी मात्रा, ब्याण्णवाव्या दिवसाची, मी स्वतः पाहिली. मास्तरांचे वजन तोवर ४९ किलोवर आले होते. किलोमागे २० लाख पेशी, म्हणजे ९ कोटी ८० लाख पेशी, आणि पिशवी मात्र तळहातावर मावेल एवढी. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून ती बाहेर आली तेव्हा तिच्याभोवती पांढरे धुके होते आणि पातळ कागदाला जपावे तशी तंत्रज्ञाने ती हाताळली. त्या तापमानाला पिशवीचे प्लास्टिक काचेसारखे तडकू शकते. ३७ अंशांच्या पाण्यात ती हलकेच फिरवत ठेवली. कडेचा बर्फ आधी सुटला, मधला गोळा लहान होत गेला, आणि शेवटचा खडा विरघळण्याच्या आत तिला बाहेर काढले. पेशी जिवंत किती आहेत याची मोजणी झाली. दोन परिचारिकांनी नाव, क्रमांक आणि मात्रा मोठ्याने वाचून पडताळली. मग सुमारे तासाभरात ते गढूळ पाणी, पांढरट, पेजेच्या निवळीसारखे दिसणारे, शिरेतून गेले.

थोड्याच वेळात खोलीत उग्र वास पसरला. मास्तरांच्या पत्नी मला हळूच म्हणाल्या, ‘लसणीचो वास येता.’ गोठवताना पेशींना बर्फाच्या सुयांपासून वाचवण्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड घालतात. ते श्वासातून बाहेर पडते आणि त्याचा हा वास असतो. एवढे सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. त्यांना वाटले होते की आत काही तरी कुजते आहे. हे आधी सांगायला हवे होते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला अशा गोष्टी आधी कळल्या तर रात्रीची झोप तरी मिळते.

आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, अशा आठ मात्रा झाल्या. पहिल्या दोन मात्रांनंतर वहीत काहीही बदल दिसला नाही : पंच्याण्णवाव्या दिवशीची बेरीज १,६४० होती. नव्याण्णवाव्या दिवशी ती १,२१० झाली, एकशेसहाव्या दिवशी ८८०, आणि मात्रा सुरू झाल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे एकशेसतराव्या दिवशी, ६१०. बिलिरुबिन १.२ वर आले होते. आतडे अजून पहिल्या पायरीवर असल्याने हा प्रतिसाद अंशतः धरला गेला, आणि अशा स्थितीत जसे करतात तसे आठवड्याला एक याप्रमाणे आणखी चार मात्रा दिल्या. एकशेचोविसाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि रक्तात ई-कोलाय सापडला. आतड्याचे अस्तर अर्धवट भरलेले असताना जंतू असे रक्तात उतरतात. प्रतिजैविकांनी तो संसर्ग आटोक्यात आला. एकशेअडतिसाव्या दिवशी बेरीज ३०० च्या खाली गेली आणि रंगाच्या रकान्यात प्रथमच ‘पिवळा, घट्ट’ असे लिहिलेले आहे.

श्रेय कोणाला

या प्रश्नावर केंद्रातील डॉक्टर आणि मी बराच वेळ बोललो. पेशींच्या बाजूने सांगण्यासारखे असे की रुक्सोलिटिनिब शरीरातून काही तासांत निघून जाते आणि ते थांबल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उतार सुरू झाला. स्टेरॉइडचा डोस त्या काळात वाढला नव्हता, उलट उतरवत आणला जात होता. नवे कोणतेही प्रतिकारदमन दिलेले नव्हते. विरुद्ध बाजूने सांगण्यासारखे दोन मुद्दे आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, फॉस्कारनेटमुळे सीएमव्हीच्या प्रती त्याच पंधरवड्यात खाली आल्या. बायॉप्सीतील रंजन नकारात्मक असले तरी बायॉप्सी म्हणजे आतड्याचे काही मिलिमीटरचे तुकडे, आणि वरच्या भागात विषाणूजन्य दाह असण्याची शक्यता त्यातून मिटत नाही. दुसरा, दिखाऊ औषध मिळालेल्या गटातही ३० टक्क्यांना पूर्ण आणि टिकाऊ गुण आला होता, ही गोष्ट विसरून चालत नाही. माझे मत विचाराल तर पेशींचा वाटा होता असे मला वाटते, मोठा होता असेही वाटते. पण ‘पेशींनी वाचवले’ असे वाक्य मी त्यांच्या केसपेपरवर लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. आपल्याकडे एका रुग्णाच्या अशा वाक्यावरून पुढच्या दहा कुटुंबांनी घरे गहाण टाकल्याचे मी पाहिले आहे. परदेशातील मान्यताप्राप्त उत्पादनाच्या एका मात्रेची जाहीर किंमत १,९४,००० डॉलर आहे, हे लक्षात घेतले तर या काळजीचे कारण कळेल. देशातच, देखरेखीखाली, चाचणीच्या चौकटीत पेशी बनवल्या गेल्या नसत्या तर एका प्राथमिक शिक्षकापर्यंत हा उपचार पोहोचलाच नसता.

गोव्यात परत

एकशेसाठाव्या दिवशी ते घरी आले. आतडे बरे झाले होते, पण स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू खाल्ले होते. घराच्या तीन पायऱ्या चढताना भिंतीला हात लावावा लागत होता आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार. खाणे उकड्या तांदळाच्या पेजेपासून सुरू केले, आठवड्याला एकेक पदार्थ वाढवत नेला, दूध सर्वांत शेवटी दिले, कारण नव्या अस्तराला दुधातील साखर पचवणारे विकर बनवायला वेळ लागतो. रक्तातील साखर वाढली होती, तिच्यासाठी काही महिने इन्सुलिन लागले. स्टेरॉइड दोनशेदहाव्या दिवशी पूर्ण थांबले.

सायक्लोस्पोरिनची पातळी आता नमुना घेतल्याच्या दिवशीच कळावी अशी सोय लावली आहे. कोणतेही बुरशीविरोधी औषध सुरू किंवा बंद झाले की त्याच दिवशी डोसचा फेरविचार आणि तीन दिवसांत पातळीची तपासणी, असे मी त्यांच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्यारोपणाच्या प्रत्येक रुग्णाला आता खुणा असलेला मग आणि चार रकान्यांची वही घरी जाण्याच्या दिवशीच मिळते. जुलाब सुरू होण्याची वाट पाहिली जात नाही.

प्रत्यारोपणाला चौदा महिने झाले आहेत. मज्जेत ल्युकेमिया नाही, प्लेटलेट १,१०,००० आहेत, वजन ५५ किलो आहे. डोळे कोरडे पडतात आणि तोंडात पांढऱ्या रेषा दिसतात, म्हणजे सौम्य स्वरूपाचा जुनाट जीव्हीएचडी आहे. त्यासाठी डोळ्यांत थेंब आणि तोंडासाठी स्टेरॉइडच्या गुळण्या चालू आहेत, आणि फुप्फुसांची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. लहानपणीच्या लसींची स्मृती मज्जेबरोबर पुसली गेल्याने त्यांचे लसीकरण तान्ह्या बाळासारखे पुन्हा सुरू केले आहे. गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी मात्र दोन वर्षे पूर्ण होऊन जीव्हीएचडी शांत झाल्याशिवाय देता येत नाहीत. पहिलीच्या वर्गात या दोन्ही आजारांची मुले केव्हाही बसलेली असू शकतात. म्हणून शाळेत परत जाण्याची परवानगी मी अजून दिलेली नाही, आणि दर भेटीत ते ती मागतात.